हद्दीवरचं नादस्वरम

आमच्या अप्पांना नादस्वरम नुसतं ऐकता येत नसे. टी. नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरासमोरून त्या लांब सनईच्या सुरात एखाद्या लग्नाची मिरवणूक जाऊ लागली की आम्ही सगळी खिडकीकडे धावायचो, आणि अप्पा हातातली कॉफी खाली ठेवून घड्याळ बघायचे. "आठ वाजेतोवर," ते म्हणायचे. "त्यापुढे वाजवतील तर हुकूम मोडेल." वादक कोण, राग कोणता, साथीचा ढोल, म्हणजे तविल, वाजवणारा किती रंगलाय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. मद्रास शहराच्या हद्दीत रस्त्यावर जे जे वाजत होतं ते ते त्यांच्या टेबलावरून गेलेलं असायचं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

अप्पा पोलीस कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मिरवणुका, सभा आणि रस्त्यावरची वाद्यं यांचे परवाने त्यांच्याकडे. खाकी त्यांनी कधी अंगाला लावली नाही, चोर जन्मात पकडला नाही. घरात एकदा उंदीर शिरला तेव्हा अप्पा खुर्चीवर चढून उभे राहिले आणि उंदीर आईने पकडला. पण पोलीस म्हटलं की त्यांची छाती फुगायची. जेवताना ताटावर आम्हाला कचेरीच्या गोष्टी ऐकाव्या लागत. लोक अर्जात काय काय चुका करतात, हा त्यांचा आवडता विषय. "पत्त्यात मद्रास लिहिलेलं बघतात आणि समजतात, झालं, हे शहर. अरे, टपालाचं मद्रास वेगळं, पोलिसांचं मद्रास वेगळं! गिंडीच्या पुढे ओढ्यावरची मोरी ओलांडली की चेंगलपेट जिल्हा. तेथे आमचा परवाना म्हणजे रद्दी." हे ऐकताऐकताच मी सांबारभात खायला शिकले असं म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट ते हमखास सांगत. आमच्या शेजारच्या मामी रोज सकाळी कडक आवाजात भजनं म्हणायच्या. कोणीतरी वैतागून त्यांच्यावर तक्रार केली आणि ती फिरतफिरत नेमकी अप्पांच्या टेबलावर आली. अप्पांनी नियम काढून पाहिला. ढोल, तविल, शिंग, पिपाणी, घंटा, सगळ्यांना परवाना हवा. गळ्याचं नाव नाही. "गळ्यास परवाना नलगे," असा शेरा मारून त्यांनी कागद परत पाठवला, आणि घरी येऊन कपाळाला हात लावला, कारण भजनं ऐकायची होती ती आम्हालाच.

तर अशा घरात मी वाढले, बी.ए. झाले, जवळच्याच मुलींच्या शाळेत शिकवू लागले आणि साठच्या आसपास मला एक स्थळ आलं. मुलगा मद्रासेतच शिकून इथल्याच रेल्वेत लागला होता. माणसं आमच्यातलीच, तंजावरकडची मराठी. पण मुलाच्या आजोबांनी पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडला तो ओलांडलाच. मुलाचे वडील कोलंबोला होते. काय करत होते? पोलीस खात्याच्या मुख्य कचेरीत हेडक्लार्क! हे ऐकल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली. तिला वाटलं, दोघांची पत्रिका न बघताच जुळली.

मुलगी बघायला बापलेक दोघेच आले. माझे होणारे सासरे, ज्यांना मी पुढे जन्मभर मामंजी म्हणत आले, उंच, सडसडीत, मद्रासच्या मे महिन्यात टाय बांधून आलेले. मी शिऱ्यासारखी गोड सोजी आणि भजी घेऊन बाहेर आले तेव्हा खोलीत माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं. भांडण लागलेलं होतं.

"आमच्याकडे अवघ्या बेटाचा पोलीस एक," मामंजी म्हणत होते. "आयजी एक, हुकूम एक, वर मंत्री एक. जाफन्याचा शिपाई उद्या गॉलला उभा करू. तुमच्याकडे पोलीस किती, राव?"

"राज्यं जितकी तितके."

"मग देशाचा पोलीस कोण चालवितो?"

"देशाचा पोलीस नाहीच," अप्पा असे म्हणाले की जणू ते घरचं सोनंनाणं दाखवत होते. "पोलीस राज्याचा विषय. घटनेत लिहून ठेविलं आहे. दिल्लीचा मंत्री आमच्या शिपायास 'बाजूस सर' इतकंही सांगू शकत नाही. आणि राज्यात तरी एक आहे काय? शहरात कमिशनर, त्यास मॅजिस्ट्रेटचे अधिकार. शहर सरलं की जिल्हा. तेथे सुपरिंटेंडेंट, आणि त्याजवर कलेक्टरचा डोळा."

"म्हणजे चोर मोरी ओलांडला की सुटला!"

"सुटत नाही. त्याच्या मागून कागद जातो."

"अय्यो राव! चोर धावतो आणि तुमचा कागद चालतो!"

अप्पांचे कान लाल झाले. "अवघी काठी एका हाती दिली," ते म्हणाले, "आणि तो हात वाकडा झाला, तर बेटावर माणसानं पळावं कोठे? आमच्याकडे एक हात वाकडा झाला तर शेजारचा तरी सरळ राहतो."

यावर मामंजींनी ओठांना लावलेली कॉफी खाली घेतली. पेल्यात बघत राहिले. "तेही खरं," असं काहीतरी पुटपुटले. तिकडे त्यांनी काय पाहिलं होतं ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते कधी खुलवून सांगितलंही नाही. पण क्षणभरच. लगेच मान वर करून म्हणाले, "पण परवाना! आमच्या कचेरीचा शिक्का बसला की तो अवघ्या बेटावर चालतो!" आणि पुन्हा सुरू.

मी ताट घेऊन उभी. हात भरून आले. तेवढ्यात मुलगा उठला, माझ्या हातातलं ताट घेऊन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "तुमच्याकडे हे रोज चालतं का?"

"आज पहिल्यांदाच. तुमच्याकडे?"

"रोज. ऐकायला कोणी नसलं तर भिंतीला सांगतात."

मला हसू आवरेना. त्यालाही. दोघे बाप राज्यघटनेवर आणि आम्ही दोघं भज्यांवर, असा तो अर्धा तास गेला आणि माझा निर्णय झाला. लग्न करीन तर याच्याशी. दुसरा बघायचाच नाही.

पण निर्णय माझा होऊन काय उपयोग? मामंजी उठले ते तोंड फिरवून. "कोलंबोहून लिहितो," एवढंच म्हणाले. त्या काळी याचा अर्थ लहान मुलालाही कळत असे. पाहुणे गेल्यावर आईने अप्पांना जे फैलावर घेतलं! "मुलीचं लग्न ठरविण्यास बोलाविलं होतं की पोलिसांची सभा भरविण्यास? एक वेळ म्हटलं असतं, तुमचे पोलीस बरे, तर तुमच्या कमिशनरचं काय गेलं असतं?" अप्पा म्हणाले, "खोटं कसं बोलू?" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला अप्पांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

पत्र यायला चांगला महिना लागला. जाडजूड पत्र. सगळं वाचून होईपर्यंत आईचा जीव टांगणीला, कारण पानामागून पान सिलोनच्या पोलीस खात्याचा कारभार. कोणत्या पदावरच्या माणसाला कोणाचा हुकूम लागतो, खेड्यात शिपाई नसला तर गावचा मुखिया काय करतो, सगळं. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: मुलगी पसंत आहे. आई मटकन खालीच बसली.

एक अट मात्र होती. मामंजींचं स्वतःचं लग्न कोलंबोला, त्यांच्या आजारी वडिलांच्या उशाशी उरकलं होतं. वडिलांना त्रास नको म्हणून त्या लग्नात एक पिपाणीसुद्धा वाजली नव्हती. तेव्हा मुलाचं जानवास थाटात झालं पाहिजे. जानवास म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळची मिरवणूक. नवऱ्या मुलाला उघड्या मोटारीत बसवून, गॅसबत्त्यांच्या उजेडात, वाजतगाजत मांडवात आणायचं. देवळापासून मांडवापर्यंत नादस्वरम अखंड वाजावं, असं मामंजींनी लिहिलं होतं. मध्ये तुटलं तर मुलगा घेऊन तिथूनच परत फिरेन, असंही.

"गंमतीनं लिहिलं असेल," आई म्हणाली.

"गंमत नाही," अप्पा म्हणाले. आणि हसले. मिरवणूक, नादस्वरम, परवाना! व्याह्याने मागून मागून मागितलं तर काय, अप्पांच्या घरचंच.

मांडवासाठी एक जुना बंगला मिळाला, भोवती नारळाची झाडं, गच्चीवर वारा, भाडं बेताचं. गिंडीच्या पुढे. वऱ्हाड अलीकडे गिंडीत एका ओळखीच्या घरी उतरणार, तिथल्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापासून मिरवणूक निघणार. परवान्यासाठी अप्पांनी रजा काढली. हो, रजा. स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या टेबलावर बसणं त्यांना पटेना. धुतलेलं वेष्टी-अंगवस्त्र घालून ते आपल्याच कचेरीत लोकांच्या रांगेत उभे राहिले. हाताखालच्या कारकुनाने धावत खुर्ची आणली, तीही नाकारली. त्या बिचाऱ्याने घाम पुसत अर्ज घेतला, न वाचता शिक्का मारला आणि उभ्यानेच परत दिला. साहेबांचा अर्ज वाचायची कोणाची छाती? अप्पा घरी आले ते तरंगतच. "कायदा म्हणजे असा," म्हणाले. "मजसाठीही तोच."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी बंगल्याच्या गच्चीवर होते. खाली शेवटची धांदल, वांगीभाताचा वास, बायकांची केसांत मोगरा माळायची घाई. मी आधीच नटून बसले होते. आणि दुरून ऐकू आलं! आधी तविलचे ठोके, मग त्यावर चढणारं नादस्वरम, कल्याणी रागाचे सूर. मी कठड्याला धरून उभी राहिले. आवाज जवळ येत होता. वाटेच्या वळणावर गॅसबत्त्या दिसू लागल्या, पांढऱ्या, हलणाऱ्या. माझ्यासाठी वाजत होतं ते, दुसऱ्या कोणासाठी नाही! आयुष्यात त्याआधी किती मिरवणुका खिडकीतून पाहिल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते.

आणि मग तो आवाज पुढे येईना.

थांबलाही नाही. वाजतच होतं. पण जिथल्या तिथे. गॅसबत्त्याही जिथल्या तिथे. मला वाटलं मोटार बिघडली असेल. आई वर आली, तिने कान दिला आणि तिचा चेहरा उतरला. बराच वेळ झाला तरी तेच. शेवटी माझा मोठा मावसभाऊ सायकल हाणत आला आणि खालूनच ओरडला, "अप्पांनी मिरवणूक अडविली!"

"पोलिसांनी अडविली?" आई.

"नाही, मावशी! अप्पांनी! पोलीस जा जा म्हणतो आहे!"

काय घडलं ते मला नंतर नवऱ्याने इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. सगळं छान चाललं होतं. मामंजी मोटारीत मुलाशेजारी, डोळे मिटून मान डोलावत. अप्पा पुढे चालत होते. मोरी आली. मोरीच्या कडेला हद्दीचा दगड. अप्पांची नजर त्यावर गेली आणि ते उभेच राहिले. इतकी वर्षं ज्या चुकीवरून त्यांनी लोकांचे अर्ज परत केले होते तीच त्यांनी केली होती. बंगल्याच्या पत्त्यात मद्रास होतं, ते टपालाचं. बंगला होता चेंगलपेट जिल्ह्यात.

त्यांनी दोन्ही हात वर करून मिरवणूक थांबवली. वाजंत्र्यांना म्हणाले, "तुम्ही वाजवा, थांबू नका. आठपर्यंत परवाना आहे. पण या दगडापलीकडे एक पाऊल नाही."

पलीकडच्या चहाच्या टपरीवर जिल्ह्याचा एक शिपाई बसला होता. अर्धी खाकी चड्डी, टोपी मांडीवर. रस्ता अडलेला बघून तो उठून आला. अप्पांनी त्याला नमस्कार करून सांगितलं की आपल्याकडे त्याच्या जिल्ह्याचा परवाना नाही. शिपायाने मोटारीत बघितलं, नवरा मुलगा बघितला, हसला. "पोंगो सामी, पोंगो," म्हणाला. जा, जा, लग्नाचं घर.

"आपल्या सुपरिंटेंडेंटचा हुकूम आहे?"

"सामी, मी कोणाला सांगतोय? जा की!"

"तुम्ही सांगून कसं चालेल?" अप्पा म्हणाले. "तुम्हांस तो अधिकार नाही."

बिचारा शिपाई! जन्मात त्याला असा गुन्हेगार भेटला नसेल. तो हात जोडून विनवतोय, मागे दोन बैलगाड्या आणि एक बस खोळंबलीय, आणि अप्पा त्याला पोलीस कोणाच्या हुकुमात असतो ते समजावून देतायत. मामंजी मोटारीतून अर्धे बाहेर आले. "राव! पोलीसच जा म्हणतो आहे!"

"म्हणून काय जावं? आज हा लग्नासाठी सोडील, उद्या कोणास कशासाठी सोडील, तुम्हांस ठाऊक? शिपायाच्या मर्जीवर कायदा चालतो काय?"

"मग तुम्ही कोण ते तरी सांगा त्यास!"

"कशास सांगू? ही माझी हद्द नाही."

मामंजी धपकन परत बसले. म्हणाले, "आठ वाजता वाद्य थांबलं की मी परत." नवरा सांगतो, तेव्हा त्यांचा आवाज हलला होता. रागाने नव्हे. लहानपणी जत्रेत आणून पाळण्यात न बसवता परत नेलं तर पोराचा होतो तसा.

इकडे गच्चीवर मला यातलं एवढंच कळलं होतं की अप्पा हटणार नाहीत, आठ वाजले की वाजप थांबणार, आणि ते थांबलं की माझं लग्न परत फिरणार. मला इतका संताप आला! इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, डोळे मिटून घेतले असते तर? मोरीपासून मांडव तो केवढा? मी कठड्यावर मूठ आपटली आणि बांगडी वाढली. आई रडायला लागली. आणि त्याच वेळी, खालून स्वयंपाकाच्या बायकांपैकी कोणीतरी काम करताकरता गुणगुणत होतं ते माझ्या कानावर आलं.

ढोल, तविल, शिंग, पिपाणी, घंटा. गळ्यास परवाना नलगे!

मी जिना उतरले तो दोन दोन पायऱ्या. "अस्क्या जणी, सगळ्या चला," मी ओरडले, "गात चला!" बायका बघतच राहिल्या. एक काकू म्हणाल्या, "नवरी मुलगी रस्त्यावर जाते काय?" "वाजप येत नाही तर मी जाते," मी म्हणाले. आई डोळे पुसत जिन्यात उभी होती. मला वाटलं, आता ही मला खोलीत कोंडणार. तर तिने आरतीचं ताट उचललं, पायात चपलाही न घालता माझ्या पुढे झाली आणि गायला लागली.

आमच्या घरची जुनी लग्नातली गाणी, तंजावरपासून आलेली. शब्द निम्मे आम्हालाच कळत नाहीत, पण पाठ सगळ्यांना. शेजारच्या मामीही होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या कडक आवाजाला मी पहिल्यांदा मनापासून दुवा दिला. पुढे आई, मागे मी, माझ्यामागे पंधरावीस बायका, अशा आम्ही अंधारू लागलेल्या रस्त्याने गात निघालो. मोरीपलीकडे नादस्वरम वाजत होतं. जवळ गेल्यावर त्याचा षड्ज कानात आला, आणि मामींनी आमचं गाणं बेमालूम त्या सुरात बसवलं. दगडाच्या त्या बाजूला नादस्वरम, या बाजूला आम्ही. वादकाने आम्हाला पाहिलं. त्याचे फुगलेले गाल हसण्याने सुटले असते, पण त्याने सूर सोडला नाही.

मी अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. बोलले काहीच नाही, गातच राहिले, कारण थांबले असते तर भांडले असते. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला बरोबर कळलं. ढोल, तविल, शिंग... यादीच्या शेवटापर्यंत गेले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी आजही विसरले नाही. त्यांनी मोटारवाल्याला हात केला. "चल. पण हॉर्न नक्को," ते म्हणाले. "तो शिंगात मोडेल."

शिपायाने सुटकेचा निःश्वास टाकून सॅल्यूट ठोकला. कोणाला ठोकला ते त्यालाच ठाऊक.

मोटार दगड ओलांडून आली. वाजंत्री पलीकडे पायांची बोटं दगडाला लावून उभे, आमच्या पाठीवर वाजवतायत. आम्ही पुढे जात गेलो तसं ते मागे मागे पडत गेलं आणि आमचं गाणं वाढत गेलं. कुठे ते संपलं आणि कुठे आम्ही सुरू झालो ते कोणालाच सांगता आलं नसतं. मध्येच मोटारीचं दार उघडलं आणि मामंजी खाली उतरले. टाय, कोट, पायांत चकचकीत बूट. बायकांमध्ये येऊन चालू लागले आणि गाऊ लागले. सगळी कडवी येत होती त्यांना! कोलंबोला त्यांच्या आईने शिकवली असणार. गाता गाता रडत होते, आणि ते लपवायचा त्यांनी काडीचा प्रयत्न केला नाही.

मांडवाच्या दारात आईने आरती ओवाळली. मामंजी माझ्याकडे वळले. "पोरी, नवरी मुलगी वेशीवर येते हे मी कधी पाहिलं नाही."

"वाजप येईना, मामंजी. म्हणून मी आले."

ते इतके हसले की त्यांना खांबाला टेकावं लागलं. अप्पा मात्र कोपऱ्यात उभे होते. सगळे आत गेल्यावर ते मामंजींजवळ आले, आणि मी ऐकलं, कारण मी मुद्दाम मागे राहिले होते.

"राव," अप्पा म्हणाले, "तुमची रीत बरी. तुमच्याकडे हे झालं नसतं. एक परवाना, एक बेट. मज कबूल."

 हे शब्द अप्पांच्या तोंडून यावेत म्हणून आईने किती नवस केले असतील, आणि आता आले तर ऐकवेनात.

"नक्को," मामंजी म्हणाले. "आमच्याकडे मी नुसतं नाव सांगितलं असतं तर शिपाई काठी टाकून बाजूस झाला असता. मीही गेलो असतो. ते बरं झालं असतं काय?" मग म्हणाले, "पण राव, अर्ज तपासला कोणी तुमचा?"

"कोणीच नाही," अप्पा म्हणाले. "माझा अर्ज तपासण्यास कचेरीत मजवर कोण आहे?"

"आमां, खरं," मामंजी म्हणाले. "माझंही तेच."

पुढच्या वर्षी आम्ही दोघं कोलंबोला निघालो, मी सासरी पहिल्यांदाच. अप्पा-आईसुद्धा बरोबर. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडला. धनुष्कोडीहून तलैमन्नारच्या बोटीवर पूर्ण वेळ कठडा धरून उभे होते आणि दर थोड्या वेळाने खलाशाला विचारत होते की आता आपण कोणाच्या हद्दीत. खलाशी कंटाळला, पण आम्हाला हसून हसून पुरेवाट झाली.

कोलंबो फोर्ट स्टेशनच्या बाहेर मामंजी उभे होते, टाय बांधून. त्यांच्या मागे जाफन्याहून आणलेले वाजंत्री, एक उघडी मोटार, फुलांच्या माळा, आणि शेजारपाजारच्या बायका. सुनेची वरात, म्हणाले, जी मद्रासेत पुरी झाली नाही ती. शेवटचा रस्ता गळ्यावर यायचा, हेही त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. घर दिसू लागलं की वाजंत्री थांबतील, बायका गातील. आमच्या घराण्यात ती चाल तेव्हापासून पडली ती आजतागायत आहे.

पण वाजंत्र्यांनी पिपाण्या ओठांना लावल्या, तसा मामंजींनी हात वर केला. खिशातून परवान्याचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी अप्पांपुढे धरला.

"राव, तपासा," ते म्हणाले. "माझा येथे कोणी तपासला नाही."

स्टेशनची गर्दी आमच्या अंगावरून वाहत होती. हमाल ओरडत होते, वाजंत्री गाल फुगवून थांबले होते, मोटारवाला घड्याळ बघत होता. अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि भर रस्त्यात उभं राहून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. शिक्का पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. मामंजी श्वास रोखून उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे.

"हद्द कोठवर?" अप्पांनी विचारलं.

"समुद्रापर्यंत," मामंजी म्हणाले.

अप्पांनी कागदाची नीट घडी घालून त्यांच्या हातात दिली, आणि वाजंत्र्यांकडे वळून, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता, म्हणाले, "वाजवा."